घरचा कॉम्प्युटर साफ केला आणि सुरक्षित केला, त्याचा अनुभव (सप्टेंबर २०२५ ते जानेवारी २०२६)

हे सविस्तर लिहून ठेवतेय कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा मराठीत दोनच प्रकारची माहिती मिळत होती, एक तर "टॉप टेन अँटिव्हायरस" छापाच्या याद्या नाहीतर "सरळ फॉरमॅट मारा" हा सल्ला. मधलं कुणी सांगत नाही, म्हणजे नेमकं कुठल्या क्रमाने काय करायचं, किती वेळ जातो, पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. सांगलीत घरीच टायपिंगची कामं करते, बी.एड.वाल्यांचे प्रोजेक्ट, थिसिस, सोसायटीचे अहवाल असं. आमचा डेस्कटॉप २०१८ सालचा आहे, ब्रँडेड, विंडोज १० त्याच्यासोबतच आलेलं. त्यावर मी काम करते, मुलगा शाळेचे प्रोजेक्ट आणि गेम, आणि सासरे नेटबँकिंग अन् सातबारा. एकच मशीन आणि तिघांचं सगळं त्यावर, त्यामुळे काही झालं तर एका माणसापुरतं राहत नाही.

अनंत चतुर्दशी झाली आणि पुढच्या सोमवारी, ८ सप्टेंबरला, एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली, "ताई, झेरॉक्सच्या दुकानात फाइल ओपन होईना." लावून बघितला तर आत एकही फोल्डर नाही, फक्त पेनड्राइव्हच्याच नावाचा एक आयकॉन आणि त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण. शॉर्टकट व्हायरस. टायपिंग, झेरॉक्स, ई-सेवा केंद्र या लाइनमधल्या कुणालाही हा प्रकार माहिती असतो. होतं काय, की तुमच्या खऱ्या फाइल्स जात नाहीत, त्या लपवलेल्या असतात, आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवलेला असतो, त्यावर डबल क्लिक केलं की फोल्डर उघडतो पण त्याचबरोबर मागे एक स्क्रिप्टही चालते, ती कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसते आणि मग तिथे लागेल त्या प्रत्येक पेनड्राइव्हला तेच करते. मी क्लिक केलं नाही, काढून ठेवला. पण मनात आलं म्हणून माझा स्वतःचा नवा कोरा पेनड्राइव्ह लावला, त्यात दोन फोल्डर कॉपी केले, काढला, परत लावला. त्यावरही बाण. म्हणजे तो आमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होता, आणि इतके दिवस माझ्याकडून जाणारा प्रत्येक पेनड्राइव्ह तो घेऊन जात होता. त्या दिवशी मला खरंच कसंतरी झालं, मुलींचे सबमिशनचे दिवस असतात हो.

त्या मुलीच्या फाइल्स मिळाल्या ते आधी सांगते, कारण घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये (टाइप करून आज्ञा द्यायची विंडोजमधली काळी खिडकी) अ‍ॅट्रिब नावाची कमांड असते, तिने फाइलवर लावलेले हिडन, रीड-ओन्ली आणि सिस्टिम हे तीन शिक्के काढता येतात, आणि सगळे आतले फोल्डर धरून करायचं असं सांगितलं की लपवलेलं सगळं परत दिसायला लागतं. बऱ्याचदा नाव नसलेला एक फोल्डर दिसतो, सगळं त्याच्यात असतं. फाइल्स बाहेर काढा, शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट डिलीट करा. हे मी माझ्या मशीनवर नाही केलं, दिराचा लॅपटॉप आणला आणि त्याच्यावर ऑटोप्ले (पेनड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं) बंद करून मग केलं.

मग दुकान. तिथलं संभाषण लिहिते कारण पुढचा सगळा उलगडा त्यातूनच झाला.

"मॅडम, फॉरमॅट मारून देतो, सातशे रुपये. ऑफिस वगैरे सगळं टाकून."

"ऑफिस ओरिजिनल का?"

"घरी कोण घेतंय ओरिजिनल? ऍक्टिव्हेट करून देतो की."

"आणि अँटिव्हायरस?"

"तो ऍक्टिव्हेट करताना तेवढ्यापुरता बंद करायला लागतो, नाहीतर काम करू देत नाही."

हे शेवटचं वाक्य घेऊन मी घरी आले, कारण आमच्या मशीनवरचं ऑफिससुद्धा काही वर्षांपूर्वी असंच एका दुकानातून टाकून आणलेलं होतं. विंडोज सिक्युरिटी उघडलं, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे मॅनेज सेटिंग्ज, आणि एकदम खाली एक्स्क्लूजन्स. एक्स्क्लूजन्स म्हणजे "हे सोडून बाकीचं तपास" अशी यादी. आमच्या यादीत एकच ओळ होती, अख्खा सी ड्राइव्ह. वॉचमन ठेवायचा आणि त्याला सांगायचं की घरात बघू नको, असं ते होतं. हिरवी टिकमार्क रोज दिसायची, स्कॅन काही मिनिटांत "नो थ्रेट्स" म्हणून संपायचा, आणि सगळ्यांना वाटायचं की कॉम्प्युटर व्यवस्थित आहे. तुम्ही हा लेख इथपर्यंत वाचून बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण ही यादी आज उघडून बघा. जिथे कुठे "ऍक्टिव्हेट करून" मिळालेलं सॉफ्टवेअर आहे तिथे तर नक्कीच.

ती ओळ काढली आणि रात्री फुल स्कॅन लावला. जुनी हार्डडिस्क असल्यामुळे सकाळी दूध तापवत होते तरी चालूच होता. निकालात दोन नावं महत्त्वाची होती, एक वर्म (स्वतःहून पसरणारा व्हायरस) होता जेनक्सकस नावाचा, हाच पेनड्राइव्हवाला, स्क्रिप्टमध्ये लिहिलेला, आणि बाहेरच्या माणसाला कॉम्प्युटरचा ताबा देऊ शकणारा. दुसरं हॅकटूल ऑटोकेएमएस, म्हणजे ते लायसन्स नसताना ऑफिस चालू करून देणारं ऍक्टिव्हेटर. त्यानंतर डिफेंडरचाच (विंडोजमध्येच असलेला अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन केला, यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधरा-वीस मिनिटं लागतात, आधी सगळं सेव्ह करून ठेवा. दुसरं मत म्हणून सायबर स्वच्छता केंद्राचं फ्री बॉट रिमूव्हल टूल पण चालवलं. आपल्याला मोबाइलवर जो सरकारी मेसेज येतो ना सायबर सेफ राहा म्हणून, तेच हे केंद्र, सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेलं. मेसेज मी पण वर्षानुवर्षं डिलीटच करत आले होते, पण टूल खरंच फुकट मिळतं, क्विक हील, ई-स्कॅन, के-सेव्हन या आपल्याकडच्याच कंपन्यांनी दिलेलं. फक्त मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा आणि शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, कारण तसेच दिसणारे खोटे मेसेजही फिरतात.

स्कॅन क्लीन आला तरी माझा विश्वास बसेना. ताबा बाहेरच्याला देऊ शकणारी गोष्ट किती दिवस आत होती ते कळायला मार्ग नव्हता, आणि सासऱ्यांचं नेटबँकिंग त्यावरच. म्हणून ठरवलं की सगळं नव्याने टाकायचं, पण ऍक्टिव्हेटरशिवाय. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी पासवर्ड बदलले, पण ते फोनवरून, त्या कॉम्प्युटरवरून नाही, नाहीतर नवा पासवर्डही त्या बाहेरच्या माणसाच्याच हातात. पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट ईमेलवरच येतात, मग बँक, मग बाकीचे. गुगल खात्यात "युअर डिव्हायसेस" मध्ये जाऊन सगळीकडून साइन आउट केलं. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड पुसून टाकले, अशा मालवेअरला (घातक सॉफ्टवेअरला) तेच सगळ्यात आधी हवे असतात. आता बिटवॉर्डन हे पासवर्ड सांभाळणारं ऍप वापरतो, फुकटच्या प्लॅनमध्ये आमचं भागतं. बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, पासवर्ड त्यांच्या वहीतच आहेत आणि वही कपाटात आहे, माझ्या मते घरातल्या वयस्कर माणसासाठी ते ठीकच आहे, वही काही इंटरनेटवरून चोरता येत नाही.

जुन्या हार्डडिस्कवरच परत टाकण्यापेक्षा ५१२ जीबीची एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान नवी डिस्क) घेतली, ३,४०० रुपये, बसवायचे ३०० (दुसऱ्या दुकानात). जुनी डिस्क काढून तशीच्या तशी ठेवून दिली, काही राहिलं असेल तर. त्यातला डेटा म्हणजे फक्त डॉक्युमेंट, पीडीएफ आणि फोटो बाहेर घेतले, एकही सेटअप फाइल घेतली नाही. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी, २७ सप्टेंबरला, दिराच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार केलं आणि टाकलं. मला सगळ्यात जास्त धास्ती लायसन्सची होती, पण ब्रँडेड मशीनची विंडोजची लायसन्स-की (कोड) मदरबोर्डमध्येच असते, काही विचारलं नाही, इंटरनेट जोडल्यावर आपोआप ऍक्टिव्हेट झालं. सातशे रुपये आणि ऍक्टिव्हेटर याची गरजच नव्हती. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस, फुकट आणि अधिकृत. थिसिसच्या मार्जिन आणि अनुक्रमणिकेचं थोडं वेगळं आहे, हात बसायला काही दिवस गेले, पण काम अडलं नाही.

मराठी टायपिंगबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण आपल्या लोकांकडे मालवेअर यायची ही एक मोठी वाट आहे. गुगलचं ऑफलाइन मराठी टायपिंगचं इन्स्टॉलर गुगलने देणं बंद केलंय, आता ते शोधलं की भलत्याच साइट्स निघतात, एका पानावर चार-पाच हिरवी डाउनलोड बटणं, आणि त्यातलं कुठलं खरं ते देव जाणे. फॉन्टचंही तसंच. गरजच नाही. विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी ऍड करा, कीबोर्डमध्ये फोनेटिक निवडा, इंग्रजी अक्षरांनी टाइप करा. इनस्क्रिप्टवाल्यांना तर मराठी ऍड केल्यावर वेगळं काही करावं लागत नाही.

आता विंडोज १० चा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपणार होता, आणि आमचा प्रोसेसर सातव्या पिढीतला, विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. दुकानात "काय होत नाही, चालू राहतंय की" असं सांगतात. चालू राहतं हे खरं, पण नव्या सापडलेल्या भोकांना, म्हणजे विंडोजमधल्या सुरक्षेच्या उणिवांना, ठिगळं मिळणं थांबतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फाइल्सना कुलूप घालून पैसे मागणारं) आलं तेव्हा त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं, ज्यांनी अपडेट केलं नाही ते सापडले. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या आलं, तेही त्याच भोकाचा उपयोग करत होतं, आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प झालं. डिफेंडरची व्हायरसची यादी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहील, पण यादी अपडेट होणं आणि भोक बुजणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

उपाय आहे, आणि फुकट आहे. ईएसयू म्हणतात, वाढीव सुरक्षा अपडेट, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. व्हर्जन २२एच२ लागतं आणि ऍडमिन खातं मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलेलं लागतं. मग विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" येतं. आमच्याकडे ते येतच नव्हतं, रोज उघडून बघायचे, सगळे अपडेट घेतले, रीस्टार्ट केलं, तरी नाही. ते टप्प्याटप्प्याने येतं, धीर धरा. १२ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी दिसलं. तीन पर्याय विचारतात, ३० डॉलर भरा, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट वापरा किंवा सेटिंग्जचा बॅकअप चालू करा. तिसऱ्याला काही पडत नाही. फक्त तिथे डॉक्युमेंट आणि फोटोंचे फोल्डर बंद करा, नाहीतर वनड्राइव्हचे फुकटचे ५ जीबी लगेच भरतात आणि मग जागा विकत घ्या म्हणून मागे लागतं. क्लिक केल्यावर दोन मिनिटांत झालं. दिवाळीच्या आधी हे एक डोक्यावरून उतरलं.

अँटिव्हायरस कुठला, यावर घरात बरीच चर्चा झाली. बाबांचं म्हणणं क्विक हील घेऊ, पुण्याचे काटकर बंधू, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेली माणसं, आपल्या माणसाचं घ्यावं. मलाही त्याचा अभिमान आहे आणि ज्याला फोनवर मदत हवी असते, मुलांसाठी साइट बंद करायच्या असतात, त्याने पैसे देऊन जरूर घ्यावं. मी एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल बघितले, पहिली जर्मनीतली, दुसरी ऑस्ट्रियातली. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तिथे विकतच्यांच्या रांगेत बसतो. मग मी असं ठरवलं की आमच्या घराला डिफेंडर पुरे, आणि वर्षाला जे पैसे अँटिव्हायरसला गेले असते ते बॅकअपच्या डिस्कला घालायचे. अँटिव्हायरस चुकला तर फाइल्स तो परत आणून देत नाही, बॅकअप देतो. एक मात्र, दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, आणि मुदत संपलेला ट्रायल पडून असेल तर त्या कंपनीच्याच रिमूव्हल टूलने नीट काढा.

डिफेंडर खरंच जागा आहे का ते बघायला आयकार नावाची चाचणी फाइल असते, ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम पकडतात. आयकारच्या साइटवरून डाउनलोड करायला गेले तर लगेच अडवली. छान वाटलं.

बाकी सेटिंगमधलं सगळ्यात उपयोगी म्हणजे खाती वेगळी करणं. ऍडमिन खातं एक, त्याचा पासवर्ड फक्त मला आणि ह्यांना, आणि रोजच्या वापराला तिघांची तीन साधी खाती. माझंसुद्धा साधंच. आता काही इन्स्टॉल व्हायला गेलं की पासवर्डची खिडकी येते, आणि ती खिडकी आपण काही टाकत नसताना आली तर सरळ नाही म्हणायचं. मुलगा पहिला आठवडा चिडला होता, गेमचा मॉड (गेममध्ये बदल करणारी फाइल) टाकता येईना. त्याला बसवून फाइलचं एक्स्टेन्शन दिसायची सेटिंग चालू करून दाखवली, व्ह्यूमध्ये असते, आणि सांगितलं की नावात पीडीएफ आणि शेवटी ईएक्सई (म्हणजे चालणारा प्रोग्रॅम) असेल तर ती पीडीएफ नाही. आता तोच मित्रांच्या फाइल्स तपासून देतो.

रॅन्समवेअरसाठी कंट्रोल्ड फोल्डर ऍक्सेस (अनोळखी प्रोग्रॅमना आपल्या फोल्डरमध्ये बदल करू न देणारी सेटिंग) चालू केलं, ते त्रास देतं हे आधीच सांगते. आमच्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर डॉक्युमेंटमध्ये फाइल सेव्हच करेना, आणि एरर भलतीच दाखवत होतं. प्रोटेक्शन हिस्टरीत जाऊन बघितलं तेव्हा कळलं अडवलं कुणी, मग त्या प्रोग्रॅमला परवानगी दिली. ब्राउझर फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ऍड-ऑन, त्यामुळे ती हिरवी खोटी बटणं बरीचशी दिसतच नाहीत.

बॅकअपला १ टीबीची बाहेरची डिस्क, ५,२०० रुपये. शनिवारी रात्री जोडायची, कॉपी, आणि काढून कपाटात. काढून ठेवणं यातच सगळं आहे, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या सगळ्याच डिस्कना कुलूप घालतं. चालू कामाची दुसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे घरात काही झालं तरी एक बाहेर राहते. आणि बॅकअप घेतला की त्यातली एखादी फाइल उघडून बघा, मी एक जुना थिसिस उघडून पानं चाळली, मग खात्री पटली. गिऱ्हाइकांना आता शक्यतो ईमेलने फाइल पाठवा म्हणते. पेनड्राइव्ह आलाच तर राइट क्लिक करून आधी स्कॅन, तोपर्यंत उघडायचा नाही. काही जण "ताई, घाई आहे" म्हणतात. थांबा म्हणते. ज्यांच्याकडे आधी पेनड्राइव्ह गेले होते त्यांना जमेल तसं फोन करून सांगितलं, दोघी-तिघींनी त्यांचे लॅपटॉप तपासून घेतले.

जानेवारीत एके दुपारी बाबांनी हाक मारली. स्क्रीनभर निळं पान, मोठ्याने आवाज, कॉम्प्युटर लॉक झालाय, मायक्रोसॉफ्टच्या या नंबरवर फोन करा. त्यांनी फोन केला नव्हता, कारण आम्ही आधीच बोलून ठेवलं होतं की मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ते फक्त वेबपेज असतं. एस्केप थोडा वेळ दाबून धरलं की फुल स्क्रीन जातं, नाही गेलं तर कंट्रोल ऑल्ट डिलीट, टास्क मॅनेजर, ब्राउझर बंद, आणि परत उघडल्यावर जुनी पानं रिस्टोअर करायची नाहीत. स्कॅन केला, काही नव्हतं. समजा कुणी फोन केला आणि पैसे गेले, तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जायच्या आत थांबवता यायची शक्यता जास्त, आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवा. बाबांनी तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

सगळा खर्च पेनड्राइव्हचे ३५० धरून ९,२५० झाला, त्यातलं सॉफ्टवेअरला काहीच नाही. पुढचा प्रश्न १३ ऑक्टोबर २०२६ नंतरचा. नवीन मशीनसाठी थोडे थोडे बाजूला टाकतेय, आणि तोपर्यंत लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टिम) पेनड्राइव्हवरूनच, काही इन्स्टॉल न करता, चालवून बघतेय. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि मराठी फोनेटिक तिथे चालतंय, प्रिंटरही चालला, स्कॅनरचं अजून जमलेलं नाही. कुणी सांगलीकडचं मिंटवर स्कॅनर चालवत असेल तर कसं केलं ते जरूर कळवा.